बीम ठरवण्याआधी डक्टचा रस्ता ठरवा

अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या दुमजली घरात किचन आणि फॅमिली रूममधली भार पेलणारी भिंत काढायची म्हटली की सगळी चर्चा तिच्या जागी येणाऱ्या आडव्या तुळईभोवती, म्हणजे बीमभोवती फिरते. बीमचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअर करून देतो. लोक अडकतात ते भिंतीच्या पोटातून वरच्या बेडरूमला जाणाऱ्या डक्टपाशी, म्हणजे हवा नेणाऱ्या नळीपाशी, आणि तेही भिंत फोडल्यावर.

फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचा, पंखा लावा आणि प्रत्येक जाळीसमोर टिश्यू धरा. बाहेर उडाला तर सप्लाय (खोलीत गरम हवा सोडणारी), जाळीला चिकटला तर रिटर्न (खोलीतली हवा फर्नेसकडे परत नेणारी). सप्लायला पत्र्याचा डक्ट असतो. रिटर्न मात्र जुन्या घरांत अनेकदा दोन स्टडमधली (भिंतीतल्या उभ्या लाकडांमधली) नुसती पोकळी असते, त्यामुळे पाडणाऱ्यांना तिथे काहीच नाही असं वाटतं. ती पोकळी गेली आणि बदली रिटर्न दिला नाही, तर फर्नेस जास्त तापून सारखी बंद पडते. शेजारी चिमणीला जोडलेला जुना गॅसचा वॉटर हीटर असेल तर त्याचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो, कार्बन मोनॉक्साइडसकट. म्हणून रिटर्नला दुय्यम समजू नका.

जुन्या डक्टच्या सांध्यांवर पांढरी, कागदासारखी पट्टी दिसली तर ती खरवडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासून घ्या.

आता मुख्य काम. माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आहे. छताचे जॉइस्ट, म्हणजे आडवे लाकडी वासे, सहसा या भिंतीला काटकोनात असतात, त्यामुळे डक्ट दोन जॉइस्टमधल्या गाळ्यातून लांबवर नेता येतो, पण शेजारच्या गाळ्यात नेता येत नाही. ‘दोन बाय दहा’ इंचांचा म्हणून विकला जाणारा जॉइस्ट प्रत्यक्षात सव्वानऊ इंच उंच असतो आणि त्याला उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा, म्हणजे साधारण तीन इंचांपेक्षा, मोठं भोक पाडता येत नाही. त्यावर ‘मग तीन इंची दोन नळ्या टाकू’ असं सुचवणारे भेटतील. ऐकू नका. भिंतीतल्या सव्वातीन बाय दहा इंचांच्या डक्टचं क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस इंच, त्या दोन नळ्यांचं मिळून १४. ती बेडरूम जानेवारीत गारच राहील.

म्हणून सुरुवात वरून करा. बेडरूमची जाळी कोणत्या गाळ्यावर आहे ते पाहा. त्याच गाळ्याखाली, खालच्या मजल्यावर, क्लोझेटचा कोपरा किंवा राहणारी आतली भिंत शोधा. नवा उभा डक्ट तिथून चढवा. बाहेरच्या भिंतीतून मुळीच नेऊ नका, कारण तिथे डक्टसाठी इन्शुलेशन काढावं लागतं.

हा उभा डक्ट बीमच्या रेषेच्या जाळीकडच्याच बाजूला येत असेल तर बीम छतात लपवा, हरकत नाही. मधे बीमची रेषा ओलांडावी लागत असेल तर लपवलेला बीम गाळा बंद करतो, आणि एलव्हीएल (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेल्या) बीमला डक्टएवढं भोक पाडता येत नाही. अशा वेळी बीम छताखाली ठेवा; जॉइस्ट त्यावर बसतात आणि डक्ट वरून निघून जातो. आठ फुटी छताखाली फूटभर उंच बीम आला तरी सात फूट उरतात. सपाट छताच्या हौसेपेक्षा गरम बेडरूम मोलाची, असं माझं ठाम मत आहे.

रस्ता लांबला किंवा कोपरे वाढले तर गोल डक्ट सहाऐवजी सात इंची घ्या. फ्लेक्स (लवचिक) डक्ट वापरायचाच असेल तर ताणून बसवा. सांध्यांना स्क्रू मारून मॅस्टिक, म्हणजे सांधे बुजवणारा लेप, लावा. कापडी डक्ट टेप काही वर्षांत सुटतो. मजल्यातून डक्ट जातो तिथली फट फायरस्टॉपने, म्हणजे आग रोखणाऱ्या भरणाने, बुजवा.

भिंत काढताना तात्पुरते टेकू भिंतीच्या दोन्ही बाजूंना हवेत, कारण जॉइस्ट बहुधा तिच्यावरच जोडलेले असतात.

ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड) लावण्याआधी इन्स्पेक्शन करून घ्या आणि फर्नेस चालवून रिटर्न व सप्लायच्या तापमानातला फरक मोजा. तो फर्नेसच्या पाटीवर छापलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आला तर हवा कुठेतरी अडते आहे. पहिल्यांदा रिटर्न तपासा.