सोशल मीडिया सोडताना आधी काय केलं
अकाउंट डिलीट करणं सोपंय, त्याला चिकटलेलं बाकीचं सोडवणं जास्त किचकट. ज्या ज्या साइटवर फेसबुकनेच लॉगिन करत होतो तिथे आधी ईमेल-पासवर्ड लावून घेतला, मग सगळा डेटा डाउनलोड केला आणि झिप उघडून फोटो खरंच आलेत का ते बघितलं (हे बघाच, नुसती फाइल आली म्हणून निर्धास्त होऊ नका). फेसबुक अकाउंट डिलीट केल्यावर 30 दिवस लॉगिन करून ते रद्द करता येतं, तो मोह नको म्हणून अ‍ॅप आधीच काढलं. बातम्यांसाठी आता आरएसएस रीडर (निवडलेल्या साइटवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारं साधन), त्यात मी निवडलेलंच येतं आणि वाचून संपतं, हे संपणं मला फार मोलाचं वाटतं. जवळच्यांना नंबर कळवला, बहिणीचा तर आता थेट फोनच येतो.