ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला? उपटू नका

विक्रोळीजवळ, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला स्कूटर उभी केली आणि मागच्या चाकात खिळा दिसला, की हात आपोआप तिकडे जातो. थांबा. ट्यूबलेस टायरमध्ये तोच खिळा बुचासारखा बसलेला असतो. काढलात की फुस्स, आणि मग उन्हात गाडी ढकला.

१. खिळा तसाच ठेवा. जवळच्या पंपावर हवा भरून हळूहळू पंक्चरवाल्याकडे जा.

२. भोकं किती, हे त्याने सांगितलं म्हणून मानू नका. पूर्ण टायरवर साबणाचं पाणी मारायला लावा, चाक सावकाश फिरवा आणि बुडबुडे स्वतः मोजा. मला एकाने ‘चार आहेत’ म्हणून सांगितलं होतं. फेस आला एकाच जागी!

३. व्हॉल्व्हवरही थोडं पाणी सोडा. कधी कधी हवा तिथूनच जात असते.

ट्यूबवाला टायर असेल तर मात्र तिथेच उतरा. हवा गेल्यावर गाडी रेटली तर आतली ट्यूब चिरडून फाटते, मग पंक्चरऐवजी नवी ट्यूब.

आणि भोक टायरच्या बाजूच्या भिंतीला असेल तर पट्टी भरून घेऊ नका, टायरच बदला.