पोटरीतली गुठळी फुफ्फुसात पोहोचू नये म्हणून

एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो. कोमट तेल घ्यायचं आणि दणकून चोळायचं. वांब आला असेल, शिरेवर शीर चढली असेल, असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ती सूज खोल शिरेतल्या रक्ताच्या गुठळीमुळे आली असेल, तर चोळताना गुठळीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर थेट फुफ्फुसात जाऊ शकतो. अशा तुकड्याने माणूस काही मिनिटांत कोसळल्याची उदाहरणं वैद्यकात भरपूर आहेत.

या गुठळ्यांबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या बऱ्याचदा वेळ सांगून येतात. ऑपरेशन, बाळंतपण, प्लास्टरमधला पाय, लांबचा प्रवास, ठरावीक गोळ्या, कॅन्सरचे उपचार हे धोक्याचे दिवस आधीच माहीत असतात. त्या दिवसांत काय करायचं हे ठाऊक असेल, तर यातल्या कितीतरी गुठळ्या टाळता येतात.

आधी समजून घ्या: शिरेत गुठळी होते कशी

जखम झाल्यावर रक्त गोठतं म्हणून आपण वाचतो. तेच रक्त शिरेच्या आत, गरज नसताना गोठलं की धोका सुरू होतो. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. माणूस दिवसचे दिवस पडून राहिला की हे ढकलणं थांबतं.

रूडॉल्फ व्हिरशॉ या जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकात या गुठळ्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्याच्या नावाने आजही तीन कारणं शिकवली जातात: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ही तिन्ही एकाच वेळी हजर असतात, म्हणून तिथे एवढी काळजी घ्यावी लागते. व्हिरशॉचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो.

खोल शिरेतल्या गुठळीला डॉक्टर डीव्हीटी म्हणतात. तिचा तुकडा फुफ्फुसाच्या धमनीत अडकला की त्याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. हार्ट अटॅक आणि लकव्यातल्या गुठळ्या बहुधा धमन्यांमधल्या असतात. त्यांची कारणं बरीच वेगळी आहेत, त्यामुळे इथे फक्त शिरांचं बोलू.

ऑपरेशन ठरलं की हे विचारा

साधारण निम्म्या गुठळ्या हॉस्पिटलमध्ये असताना किंवा तिथून घरी आल्यावरच्या तीन महिन्यांत होतात. त्यामुळे सगळ्यात मोठी संधी इथेच आहे. भरती होण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा:

- "मला गुठळीचा धोका किती आहे? तो कमी करण्यासाठी काय देणार?"
- "इंजेक्शन किंवा गोळी किती दिवस घ्यायची? घरी गेल्यावरही घ्यायची का?"
- "पहिल्यांदा उभं कधी राहायचं, चालायचं कधी?"

आणि काही गोष्टी न विचारता सांगा. आधी कधी गुठळी झाली होती का, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला झाली होती का, कॅन्सरचा उपचार चालू आहे का, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या घेता का. वजन बरंच जास्त असणं, वय साठीच्या पुढे असणं, सिगारेट ओढणं यांनीही धोका वाढतो.

गुठळी होऊ नये म्हणून हेपरिनच्या जातीचं, रक्त पातळ करणारं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली देतात. टोचलेल्या जागी निळसर डाग पडतात आणि घरचे लोक घाबरून ते परस्पर बंद करतात. छोटे डाग पडणं अपेक्षितच असतं. खुब्याचा सांधा बदलल्यावर हे औषध सुमारे ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवायची पद्धत आहे. टाके निघाले म्हणून ते थांबवू नका, डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेपर्यंत घ्या.

पलंगावर असताना जागेपणी दर तासाला घोटे वर-खाली करा, पंजा स्वतःकडे ओढा आणि पुढे ताणा, दहा-वीस वेळा. पेशंट झोपूनच बरा होतो ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. भेटायला येणारे तर "उठू नकोस हं" असंच बजावून जातात. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर पेशंटला हाताला धरून वॉर्डात दोन फेऱ्या मारायला लावणं, हे त्या भेटीत करता येण्यासारखं खरं काम आहे.

दाब देणारे लांब मोजे मापानेच घ्यावे लागतात. मधुमेहाने किंवा तंबाखूने पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतील तर हे मोजे पायाला इजा करू शकतात, म्हणून ते स्वतःच्या मनाने चढवू नयेत.

बाळंतिणीची काळजी घेताना

गरोदरपणात रक्त जास्त गोठणारं होतं. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गानेच केलेली ती तयारी आहे. पण त्यामुळे गुठळीचा धोका इतर वेळेपेक्षा चार-पाच पटींनी वाढतो, आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तो सगळ्यात जास्त असतो. सिझेरियन झालं असेल तर आणखी.

नेमक्या याच सहा आठवड्यांत आपण बाळंतिणीला सव्वा महिना अंथरुणात ठेवतो. शेक-शेगडीने घाम काढतो आणि कुठे कुठे तर पाणीही मोजून देतो. विश्रांती, मायेचं खाणं, कामातून सुटका हे सगळं तिला हवंच. पण पाणी तोडू नका. पहिल्या एक-दोन दिवसांपासून, डॉक्टर हो म्हणाले की, तिला घरातल्या घरात चालू द्या. अंगाला तेल लावणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा की एखादा पाय सुजलेला किंवा दुखरा असेल तर त्याला हात लावायचा नाही.

गरोदरपणात गुठळी डाव्या पायात जास्त आढळते आणि कधी कधी दुखणं पोटरीऐवजी जांघेत असतं. आणखी एक खूण लक्षात ठेवा. प्रसूतीनंतर न थांबणारी, वाढत जाणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे धूसर होणं किंवा फिट येणं हे मेंदूच्या शिरेतल्या गुठळीचं लक्षण असू शकतं. डोक्यात वारं गेलं म्हणून फडकं बांधून वाट बघू नका. तिला लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या.

सणासुदीच्या गोळ्या

गौरी-गणपती, घरातलं लग्न, सत्यनारायण जवळ आला की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून थेट आणल्या जातात. यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. या कामासाठी लागणाऱ्या मात्रेत त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेन रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढवतं. धडधाकट बाईला सहसा काही होत नाही. पण आधी गुठळी झालेली असेल, घरात कुणाला झालेली असेल, वजन खूप असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर ही गोळी महागात पडू शकते. शेजारणीला चालली म्हणून आपल्याला चालेल असं नसतं. डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि देवाच्या कार्यासाठी एखाद्या मुलीला ही गोळी घ्यायला भाग पाडू नये, हे माझं ठाम मत आहे.

इस्ट्रोजेन असलेल्या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांनाही हेच लागू आहे. धोका असलेल्या बाईला तांबीसारखे इस्ट्रोजेन नसलेले मार्ग सुचवता येतात.

लांबच्या प्रवासात

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसलं की चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की गुठळीची शक्यता दुपटीच्या आसपास जाते. निरोगी माणसासाठी ती तरीही फार कमीच असते. आधीचा धोका असलेल्यांनी मात्र जपावं. मुलांकडे अमेरिकेला निघालेले, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेले आई-वडील यांत मोडतात. त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

विमानात कडेची जागा घ्या आणि एक-दोन तासांनी उठून फेरी मारा. पुण्याहून नागपूरला रात्रभर जाणाऱ्या बसमध्ये उठता येत नाही, तेव्हा बसल्या जागी घोटे हलवा आणि गाडी थांबेल तिथे खाली उतरा. वाटेत स्वच्छ संडास मिळणार नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. ही अडचण खरी आहे, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. थोडं थोडं तरी पीत राहा. आणि प्रवासानंतर पुढचे काही आठवडे पायाकडे लक्ष ठेवा.

पाय असा तपासा

दोन्ही पाय एकदम सुजले असतील तर कारण बहुधा हृदय, मूत्रपिंड किंवा दुसरं काही असतं. एकच पाय सुजणं ही गुठळीची मोठी खूण. पोटरी किंवा मांडी दुखते, जड होते, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागते. पुस्तकांत लालसरपणा लिहिलेला असतो, पण आपल्या सावळ्या कातडीवर तो दिसेलच असं नाही. म्हणून हाताच्या पाठीने दोन्ही पोटऱ्यांची ऊब ताडून बघा.

मग शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक डॉक्टर गंभीरपणे घेतात. फरक कमी असला तरी दुखणं नवीन असेल आणि वरच्यापैकी एखादा धोका असेल, तर दाखवाच.

शंका आली तर

चोळू नका, शेकू नका, पट्टी आवळून बांधू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि "मला गुठळीची शंका वाटते" हे शब्द वापरा. अलीकडचं ऑपरेशन, प्रसूती, प्रवास, गोळ्या यांची माहिती आपणहून द्या. पायाची डॉपलर सोनोग्राफी करतात. ती दुखत नाही आणि सहसा अर्ध्या-पाऊण तासात होते. डी-डायमर ही रक्ताची तपासणीही होते, पण ऑपरेशननंतर किंवा गरोदरपणात तो आकडा तसाही वाढलेला असतो. त्यामुळे नुसत्या त्या कागदावरून घाबरू नका.

अचानक धाप लागली, खोल श्वास घेताना छातीत चमक मारली, खोकल्यातून रक्त पडलं, नाडी धावू लागली किंवा माणूस चक्कर येऊन पडला, तर पायाची सूज असो वा नसो, १०८ला फोन करा. गॅस झाला असेल म्हणून ओवा-सोडा देत बसू नका. पेशंटला जिना चढवू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका.

औषध सुरू झाल्यावर

रक्त पातळ करणारं औषध गुठळी विरघळवत नाही. ते तिला वाढू देत नाही, विरघळवण्याचं काम शरीर हळूहळू करतं. म्हणून सूज उतरली तरी औषध किमान तीन महिने चालतं. लसूण किंवा फॉरवर्ड होऊन आलेला काढा त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि हृदयासाठी घरात असलेली ॲस्पिरिनची गोळीही नाही.

वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी तपासणी, वेळेवर करा. या आजारात तो आकडा बहुधा २ ते ३ दरम्यान ठेवतात. पालक, मेथी, कोथिंबीर सोडायची नसते, पण प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आधी सांगा, दिवस राहिले असं वाटलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. शौचाला डांबरासारखं काळं होणं, लघवी लाल होणं किंवा डोक्याला मार लागणं यांपैकी काहीही झालं तर थेट हॉस्पिटल गाठा.

रिव्हारोक्साबॅन, एपिक्साबॅन अशा नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण त्यांचा परिणाम साधारण दिवसभरातच ओसरतो. गावच्या दुकानात त्या नेहमी मिळतीलच असं नाही, तेव्हा हातातलं पाकीट संपायच्या आठवडाभर आधी पुढचं आणून ठेवा.