विंडोज ११ वर जुना प्रोग्राम उघडेना?
विंडोज १० वरून ११ वर गेलात आणि हिशेबाचा जुना प्रोग्राम उघडेना, तर तो लगेच काढून टाकू नका. आयकॉनवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘कंपॅटिबिलिटी’ टॅबवर जा, ‘रन धिस प्रोग्राम इन कंपॅटिबिलिटी मोड फॉर’समोरच्या चौकोनात टिक करा, यादीतून ‘विंडोज ७’ निवडा आणि ‘अप्लाय’ दाबा. बरेचदा एवढ्यावर भागतं. प्रोग्राम १६-बिटचा, म्हणजे फारच जुन्या पद्धतीचा असेल तर मात्र नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं आणि त्यात १६-बिटचे प्रोग्राम चालत नाहीत. विंडोज १० वर चालणारा प्रोग्राम एवढं करूनही उघडेना, तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’मधल्या ‘गो बॅक’ने मागे फिरा. ही सोय एरवी १० दिवसच असते, म्हणून दुकानाची रोजची कामं पहिल्याच आठवड्यात करून बघाच: बिल छापा, जुनी खाती उघडा. तोवर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर कृपया पुसू नका, परत जायला तोच लागतो.