ट्रान्झिस्टर बदलण्याआधी मीटर लावा: हौशी सर्किटमधल्या नेहमीच्या चुका

सर्किट चाललं नाही की पहिला संशय ट्रान्झिस्टरवर. तो उपटायचा, नवा लावायचा, तोही चालला नाही की तिसरा. एका संध्याकाळी मी असे चार बीसी५४७ ट्रान्झिस्टर बदलले. चारही धडधाकट होते, घोळ पायांचा होता.

बीसी५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो. २एन३९०४ हा दुसरा ट्रान्झिस्टर तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. दिसायला दोघे जुळे भाऊ, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा लावताना हमखास फसायला होतं. त्यात कलेक्टर-एमिटर उलटे लागले तरी ट्रान्झिस्टर पूर्ण गप्प बसत नाही. गेन (बेसच्या प्रवाहाच्या किती पट प्रवाह कलेक्टरमधून जातो तो आकडा) खूप घसरतो आणि एलईडी मिणमिणत राहतो. मग आपण रेझिस्टर बदलत बसतो. डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) बघा, नाहीतर मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून तपासा. एनपीएनच्या (वरचे दोघेही याच प्रकारचे) बेसवर लाल प्रोब धरून काळा उरलेल्या दोन्ही पायांना लावला की ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास आकडा येतो. त्यातला किंचित मोठा आकडा एमिटरचा.

बेसचा रेझिस्टर

बेस-एमिटर म्हणजे शेवटी एक डायोड, एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा. त्याला रेझिस्टरशिवाय थेट ५ व्होल्ट दिले की खेळ खलास. ही चूक माणूस एकदाच करतो. उलट चूक मात्र वर्षानुवर्षं चालते: रेझिस्टर नको इतका मोठा घेणं.

समजा १२ व्होल्टचा रिले (कॉइलने चालणारा स्विच) आहे आणि कॉइल ४०० ओहमची. प्रवाह झाला ३० मिलिअँपिअर. बेसला ५ व्होल्टच्या पिनमधून २२ के (२२ हजार ओहम) लावला, तर बेसमध्ये जेमतेम ०.२ मिलिअँपिअर जातो. हातातल्या नगाचा गेन २०० असला तर रिले खटकन ओढतो आणि आपण खूश. पण बीसी५४७च्या ए, बी, सी गटांत मिळून गेन ११० ते ८०० असा कुठेही असू शकतो. पुढचा नग ११०चा निघाला की २१-२२ मिलिअँपिअरवर गाडी अडते, आणि दोष पुन्हा ट्रान्झिस्टरच्या माथी.

स्विच म्हणून वापरताना डेटाशीटमधला गेन विसरा आणि १० धरा. ३० मिलिअँपिअरसाठी बेसला ३. पाचातून ०.७ वजा केले, उरलेल्या ४.३ व्होल्टला ३ मिलिअँपिअरने भागलं की साधारण १.४ के येतात. १.२ के लावा. बीसी५४७ची कमाल मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, त्यामुळे मोटर वगैरे त्याच्या गळ्यात बांधू नका.

रिले असेल तर कॉइलवर उलटा डायोड हवाच, १एन४००७ चालतो. पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा लावलात तर ट्रान्झिस्टर चालू होताच सप्लाय डायोड आणि ट्रान्झिस्टरमधून शॉर्ट होतो. लोड, म्हणजे रिले, एलईडी वगैरे, नेहमी कलेक्टरच्या बाजूला ठेवा. एमिटरखाली रिले ठेवलात आणि बेसला ५ व्होल्ट दिलेत, तर रिलेला ४.३ व्होल्टच मिळणार, मग सप्लाय १२चा असो की २४चा.

बोट लावल्यावर एलईडी पेटतो? बेस अधांतरी आहे. बेस आणि ग्राउंडमध्ये १० के टाका. दोन वेगळे सप्लाय असतील तर त्यांचे ग्राउंड जोडलेत का बघा. ब्रेडबोर्डची लांब पट्टी काही बोर्डांवर मधोमध तुटलेली असते, तेही एकदा मीटरने बघून घ्या.

आता मीटर काय सांगतो

काळा प्रोब ग्राउंडवर, एमिटरही ग्राउंडला, इनपुट चालू. बेसवर शून्य आलं तर सिग्नलच पोचत नाही. रेझिस्टरच्या अलीकडे मोजा. बेसवर ०.७ आणि कलेक्टरवर ०.२च्या खाली असेल तर ट्रान्झिस्टरने आपलं काम केलंय, लोड तपासा. बेसवर ०.७ पण कलेक्टरवर चार-पाच व्होल्ट म्हणजे बेसचा प्रवाह कमी पडतोय, आणि ट्रान्झिस्टर तापतही असेल. बेसवर दीड-दोन व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसले, तर एमिटर ग्राउंडला जोडलेलाच नाही किंवा आतला जंक्शन तुटलाय. इनपुट बंद असतानाही कलेक्टर शून्यावरच राहिला तर ट्रान्झिस्टर काढून पुन्हा मोजा. आता सप्लायइतका व्होल्टेज आला आणि बेसही आधी शून्यावरच होता, तर मात्र तो खरोखर शॉर्ट आहे. काढूनही शून्यच राहिला तर लोड किंवा त्याची वायर तुटलीय.

एका सर्किटमध्ये ट्रान्झिस्टरवरचा संशय रास्त असतो: आलटूनपालटून लुकलुकणारे दोन एलईडी, म्हणजे आपला अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर. ९ किंवा १२ व्होल्टवर चालवताना कपॅसिटर दर फेरीला बेसला जवळजवळ सप्लायइतका उलटा व्होल्टेज दाखवतो, आणि बीसी५४७चा बेस-एमिटर जंक्शन उलट दिशेने ६ व्होल्टपर्यंतच सोसतो. सर्किट चालतं, पण वेळ चुकते आणि गेन हळूहळू खालावतो. ५ व्होल्टवर चालवा, नाहीतर प्रत्येक एमिटर आणि ग्राउंडमध्ये १एन४१४८ टाका, पट्टी ग्राउंडकडे.