स्पोर्ट बाइकचे सस्पेन्शन गोव्याच्या रस्त्यांसाठी कसे जुळवावे

केरीहून चोर्ला घाट चढताना वळणाच्या मध्यावर खड्डा लागून मागचे चाक बाजूला उसळले, की बहुतेक चालक टायरला दोष देतात. मीही दिला होता. प्रत्यक्षात, गाडी घट्ट असली की वळणात चांगली बसते या समजुतीने मी मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, शेवटच्या खाचेपर्यंत आवळून ठेवला होता आणि त्यामुळे चाकाला खाली उतरून खड्ड्याचा तळ गाठण्यास वावच उरला नव्हता. शर्यतीच्या गुळगुळीत ट्रॅकवर जो कडकपणा उपयोगी पडतो, तोच सत्तरी आणि फोंड्याच्या रस्त्यांवर पकड घालवतो.

कोणत्याही बदलाआधी सकाळी टायर थंड असताना हवा तपासावी आणि ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकी ठेवावी. हवा कमी-जास्त असेल, तर पुढची सारी मोजमापे फसवी ठरतात.

त्यानंतर सॅग मोजावा, म्हणजे चालकाच्या वजनाने सस्पेन्शन किती दबते ते पाहावे. पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या सस्पेन्शनच्या, चकचकीत नळीवर एक केबल टाय सीलला (नळीभोवतीच्या रबरी कड्याला)  टेकवून घट्ट बांधावा, नेहमीचे जाकीट आणि हेल्मेट घालून गाडीवर अलगद बसावे, मित्राला गाडी सरळ धरायला सांगून दोन्ही पाय फूटपेगवर घ्यावेत आणि मग तितक्याच अलगद उतरावे. आता पुढचे चाक जमिनीवरून उचलून फोर्क पूर्ण उघडू द्यावा. सील आणि टाय यांच्यातले अंतर हाच सॅग. मागे अ‍ॅक्सलपासून शेपटीवरच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर, आधी चाक अधांतरी असताना आणि मग चालक बसल्यावर मोजून, त्यांची वजाबाकी करावी. घर्षणामुळे आकडा हलतो, म्हणून तीनदा मोजून सरासरी काढलेली बरी. रस्त्यावरच्या वापरासाठी दोन्हीकडे साधारण 30 ते 40 मिलिमीटर सॅग योग्य असतो; त्याहून कमी भरल्यास सी-पान्याने (सी आकाराच्या पान्याने) प्रीलोड सैल करावा, जास्त भरल्यास आवळावा.

प्रीलोडने स्प्रिंगचा मूळ कडकपणा बदलत नाही, गाडी फक्त उंच किंवा खाली बसते. चासिसच्या दृष्टीने मात्र ही 'फक्त' उंची फार मोलाची आहे. मागची बाजू वर गेली की हँडलच्या दांड्याचा कल अधिक उभा होतो आणि ट्रेल घटतो, म्हणजे तो दांडा जमिनीला जिथे भिडला असता तो बिंदू आणि टायर टेकण्याची जागा यांच्यातले अंतर कमी होते. गाडी वळणात पटकन शिरते, पण सरळ रस्त्यावर हँडल अस्वस्थ वाटते. स्पोर्ट बाइकमध्ये हा कल आधीच 23 ते 25 अंशांच्या आसपास असतो. त्यातच घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की फोर्क दबून हा कल आणखी उभा होतो. यामाहा आर-15 सारख्या 1325 मिलिमीटर व्हीलबेसच्या (दोन्ही चाकांच्या मध्यांमधल्या अंतराच्या) लहान गाडीत असे बदल चटकन जाणवतात.

रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत उघडतो ते ठरवणारा, स्क्रू असेल, तर सीट जोराने दाबून सोडावी. ती वर येऊन एकदाच स्थिरावली पाहिजे. ती पुन्हा खाली-वर झुलली, तर स्क्रू एक-दोन क्लिक आवळावा. मात्र फार आवळल्यास रस्त्यावर आडव्या मारलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगेवर शॉकला प्रत्येक पट्टीनंतर उघडायला वेळ मिळत नाही, तो थराथराने खाली बसतो आणि शेवटची पट्टी थेट कमरेला लागते. एका वेळी एकच बदल करून त्याच रस्त्यावर पुन्हा जाऊन यावे आणि क्लिक वहीत लिहून ठेवावेत. मागे कोणी बसणार असेल, तर प्रीलोड वाढवावा आणि उतरल्यावर तो पूर्ववत करावा. ही दुसरी गोष्ट आपण हमखास विसरतो.

पाऊस संपल्यावर, विशेषतः किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी, मागच्या लिंकेजचे (शॉकला चाकाशी जोडणाऱ्या सांध्यांचे) बेअरिंग उघडून ग्रीस भरून घ्यावे, कारण पाणी आणि खारी हवा यांनी ते गंजले की कोणताही स्क्रू फिरवून उपयोग होत नाही. त्याच वेळी पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवून पाहावे. ते मध्यभागी अडकत असेल, तर कोनसेट, म्हणजे हँडल फिरते ते बेअरिंग, बदलण्याची वेळ झाली आहे.