जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवताय? मागचा रेशो घाटाच्या हिशेबाने ठरवा

सीजे-३बी जीपचं मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन उतरवून २५२३ सीसीचं महिंद्रा डीआय डिझेल बसवायचं ठरलं की सगळी चर्चा माउंटिंग आणि क्लचवरच होते. मागच्या डिफरन्शियलकडे (अॅक्सलमधल्या, चाकं फिरवणाऱ्या गिअरांकडे) कोणाचं लक्ष जात नाही. मग गाडी रस्त्यावर आली की तक्रार सुरू होते, ‘ऐंशीला इंजिन फार ओरडतं.’ ओरडणारच. हरिकेन पूर्ण ताकद ४००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनचे फेरे) देतं, डीआय ३२००ला. आणि मागे रेशो तोच जुना, ५.३८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून अॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे) ५.३८ फेरे.

आरटीओची परवानगी इंजिन उतरवण्याआधी घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा विषय आहे, नंतर निस्तरत नाही.

आधी तुमच्या गाडीत काय आहे ते मोजा. मागची दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रलला, दोन्ही चाकं एकदम बरोबर एक फेरा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा, तोच रेशो. एकच चाक फिरवत असाल तर दुसरं घट्ट धरून दोन फेरे द्या. डिफरन्शियल उघडलेलंच असेल तर सरळ क्राउनचे (मोठ्या चक्राचे) आणि पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्याचे) दात मोजा: ४३ आणि ८ म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७. ‘सीजे-३बी आहे म्हणजे ५.३८च असणार’ असं धरून चालू नका. पन्नास वर्षांत त्या डिफरन्शियलमध्ये कोणी काय भरलं असेल, सांगता येत नाही.

टायरचा घेर. टायरवरच्या आकड्यांवरून काढू नका. नेहमीची हवा, नेहमीचं वजन, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण, गाडी तीन फेरे ढकला, अंतराला तीनने भागा. माझ्या ६.००-१६ टायरचा घेर २.२२ मीटर आला.

आता हिशेब. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर, एवढं लक्षात ठेवलं की बाकी तोंडी होतं. १००० भागिले २.२२ म्हणजे चाकाचे ४५० फेरे. त्याला ५.३८ने गुणा, टॉप गिअरला २४२० आरपीएम. ताशी ८०ला ३२३०. म्हणजे डीआय आपल्या शेवटच्या टोकाला पोचलेलं असतं. ४.२७ टाकला तर ८०ला २५६५, आणि ३.७३ टाकला तर २२४०.

हे आकडे बघून सगळे ३.७३कडे धावतात. मीही धावलो होतो. ‘डिझेलला ओढ भरपूर, जितका लांब (आकड्याने लहान) रेशो तितकं चांगलं’, हा सल्ला मला तीन जणांनी दिला आणि मी ३.७३चा अख्खा मागचा अॅक्सल आणून बसवला. पुण्याबाहेर सपाट रस्त्यावर गाडी सुरेख पळाली. पुढच्याच आठवड्यात महाडहून भोरकडे वरंधा घाट चढत होतो, मागे चार माणसं आणि तांदळाची पोती. पुढे एसटी, वेग पंचवीस. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन इतकं दबलं की गिअरचा दांडा हातात थडथडायला लागला, मागे काळा धूर. पहिला टाकायला गेलो तर नुसती करकर, कारण जीपच्या मूळ टी-९० गिअरबॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना) नाही. वळणावर, मागे ट्रक असताना, गाडी पूर्ण थांबवावी लागली. चाकामागे दगड लावून, क्लच जाळत निघालो. तो वास दोन दिवस गाडीत होता.

चूक कुठे झाली ते नंतर कागदावर कळलं. टी-९०चे गिअर तीनच: पहिला २.८०, दुसरा १.५५, टॉप सरळ १. घाटात तुम्ही जगता ते दुसऱ्यावर. ताशी २५ला दुसऱ्या गिअरमध्ये ५.३८वर इंजिन १५६५ आरपीएमला असतं, ४.८८वर १४२०, ४.२७वर १२४० आणि ३.७३वर फक्त १०८५. डीआयची खरी ओढ १५००च्या आसपास आहे. १०८५ला भरली गाडी चढावर ओढायला लावणं म्हणजे इंजिनावर अन्याय आहे.

म्हणून माझा नियम असा: ताशी २५ला दुसऱ्यात १२००च्या खाली नको, ताशी ८०ला टॉपमध्ये २७००च्या वर नको. टी-९० आणि ६.००-१६ टायर असतील तर यात ४.२७च बसतो. रोजची वाट घाटाची असेल किंवा ट्रेलर ओढायचा असेल तर ४.८८ घ्या आणि सत्तरवर समाधान माना. हायवेला टॉप गिअरमध्ये किती आरपीएम येतात, एवढंच बघून रेशो सांगणाऱ्याचं ऐकू नका.

टायर मोठे लावणार असाल तर तेही आत्ताच ठरवा. २.३७ मीटर घेराचं टायर लावलं की ४.२७चा परिणाम ४.०सारखा होतो.

आणि पाच गिअरचा बॉक्स टाकणार असाल, पाचवा ०.८च्या जवळ असेल, तर डिफरन्शियलला हातच लावू नका. ५.३८ गुणिले ०.८ म्हणजे ४.३. हवा तो टॉप मिळाला आणि खालचे गिअर दमदार राहिले. पैसे वाचले ते ब्रेकवर घाला.

खरेदी. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या, एक जुना एक नवा कधीच नाही. मागे डाना ४४ जातीचा अॅक्सल असेल तर ५.३८वरून ४.२७ला जाताना आतला केस (ज्यावर क्राउन बसतो तो) तोच चालतो. ३.७३ला केसही वेगळा लागतो.

पुढचा अॅक्सल. त्याचा रेशो मागच्याइतकाच हवा. या जीपला पुढच्या-मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, म्हणजे फोर-व्हीलमध्ये दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. पुढे ५.३८ आणि मागे ४.२७ ठेवून फोर-व्हील टाकलं तर काहीतरी तुटणारच. पुढची जोडी मिळेपर्यंत पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवा.

बसवणं जाणत्या मिस्त्रीकडून. दातांवर रंग लावून ठसा कुठे उमटतो ते स्वतः बघा, मगच कव्हर लावू द्या. ऑइल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. पहिले तीस किलोमीटर सावकाश, मग पूर्ण थंड होऊ द्या.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्समागच्या, ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या डब्यातून) निघते आणि चाकाचे नाही, प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजते, त्यामुळे रेशो बदलला की काटा चुकतो. ५.३८चा ४.२७ केल्यावर गाडी खरी ऐंशीला असते तेव्हा काटा ६३ दाखवतो. केबलचा गिअर बदलेपर्यंत डॅशबोर्डवर चिकटपट्टीवर हे दोन आकडे लिहून ठेवा, आणि गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात देताना त्याला ते दाखवा.